आमवातातला 'आम'

माझ्या आजीला चोळीची गाठ स्वतःच्या हाताने मारता येत नसे. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी पहाटे चूल पेटली की पहिले पाणी चहासाठी नव्हे, तर तिच्या हातांसाठी तापायचे. पितळी पातेल्यातल्या त्या पाण्यात दोन्ही हात बुडवून ती बराच वेळ बसायची, आणि बोटे थोडी सैल झाली तरी गाठ मारण्याइतकी ती वळत नसत, म्हणून माझी आई तिच्यासमोर उकिडवी बसून ती गाठ मारून द्यायची. आजीची बोटे मुळापासून करंगळीच्या बाजूला कललेली होती. आम्हा मुलांना वाटे की आयुष्यभर जात्याचा खुंटा ओढून ती तशी झाली असावीत. विचारले तर ती म्हणायची, "वातानं धरलं गं," आणि जरा थांबून पुढे जोडायची, "पोट बिघडलं की जास्तच धरतात."

या दुसऱ्या वाक्याकडे मी कित्येक वर्षे लक्ष दिले नाही. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एके सकाळी माझ्या हातून कुकरचे झाकण फिरेना, पुढच्या महिन्यात कुर्त्याची बटणे लागेनात, आणि रक्ताच्या तपासणीत 'अँटी-सीसीपी' नावाची प्रतिपिंडे भरपूर प्रमाणात आढळल्यावर डॉक्टरबाईंनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आमवात, असे निदान केले, तेव्हा मात्र ते वाक्य आठवले. त्या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न "दुखते का?" हा नसून "काय खाल्ले होते?" हा आहे. दही खाल्ले होते का, वांगे खाल्ले होते का, हरभऱ्याची डाळ वातूळ असते हे ठाऊक नव्हते का. विचारणारी माणसे जवळची असतात आणि त्यांच्या मनात माया असते, हे मला कळते. तरीही त्या प्रश्नात एक आरोप दडलेला असतो, आणि तोच आरोप माझ्या आजीवर आयुष्यभर होत राहिला, हे आईकडून पुढे कळले. घरातली माणसे म्हणत, तिला आंबट फार लागते, म्हणून हात वाकडे झाले.

म्हणून पोटाचा आणि सांध्यांचा संबंध खरोखर काय आहे, हे समजून घेणे माझ्यासाठी केवळ कुतूहलाचे राहिले नाही. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवलेली बाई आहे. जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून पडताळून घेतले, ते इथे मांडते आहे.

आरंभ शब्दापासूनच करावा लागतो. 'आमवात' हा शब्द माधवनिदानात, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या रोगनिदानाच्या ग्रंथात, स्वतंत्र प्रकरणासह येतो. अग्नी मंदावल्यामुळे अन्न नीट पचत नाही, त्यातून 'आम' तयार होतो, वाताच्या साहाय्याने तो शरीरभर फिरतो आणि सांध्यांत जाऊन अंग ताठ करतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पूर्वजांना सारे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्यासाठी मी हा उल्लेख करत नाही. जिवाणू दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो त्यांच्याजवळ नव्हता. पण रुग्णाकडे वर्षानुवर्षे बारकाईने पाहणाऱ्या माणसांना पोट आणि सांधे यांच्यात काही देणेघेणे दिसले होते, आणि ते त्यांनी त्यांच्या भाषेत नोंदवून ठेवले, एवढे मानायला मला अडचण वाटत नाही. आपल्या भाषेत हाच 'आम' आणखी एका शब्दात आहे, तो म्हणजे आमांश. आव पडणे आणि सांधे धरणे ही दोन दुखणी मराठीने एकाच शब्दाच्या खुंटीला बांधून ठेवली आहेत.

या दोहोंमधला दुवा सर्वांत स्पष्टपणे दिसला तो फार दूर, फिनलंडमध्ये. १९४४च्या उन्हाळ्यात कॅरेलियाच्या आघाडीवर लढणाऱ्या फिनिश सैन्यात आमांशाची मोठी साथ आली. सुमारे दीड लाख लोकांना तिची बाधा झाली असावी, असा अंदाज आहे. जुलाब थांबले, सैनिक बरे झाल्यासारखे वाटले, आणि त्यानंतर काही आठवड्यांच्या आत त्यांच्यापैकी काहींचे गुडघे आणि घोटे सुजले, डोळे लाल झाले, लघवीला जळजळ होऊ लागली. इल्मारी पारोनेन या डॉक्टरांनी अशा ३४४ रुग्णांचे तपशील गोळा करून १९४८मध्ये प्रसिद्ध केले. आज या दुखण्याला रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. दीड लाखांत ३४४ हा आकडा मला फार बोलका वाटतो. जिवाणू तोच, शिबिर तेच, पाणीही तेच, तरी हजारातल्या दोघा-तिघांचेच सांधे धरले. म्हणजे जिवाणू कारण आहे आणि तरीही तो एकटा पुरेसा नाही.

पुढे १९७३मध्ये एचएलए बी-२७ या अनुवंशिक खुणेचा मणक्याच्या दाहाशी, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी असलेला संबंध उघड झाला, आणि आमांशानंतर सांधे सुजणाऱ्यांमध्येही हीच खूण पुष्कळ वेळा असते हे लक्षात आले. त्यामुळे ३४४चे कोडे काही अंशी सुटले. मात्र सुजलेल्या सांध्यातले पाणी काढून तपासले की त्यात जिवंत जिवाणू सापडत नसत. १९८९मध्ये फिनलंडमधल्याच तुर्कू येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी तपासल्या, तेव्हा त्या पेशींच्या आत यर्सिनिया या आतड्यातल्या जिवाणूचे अवशेष आढळले. जिवाणू नव्हता, त्याचे तुकडे होते. आतड्यात झालेल्या लढाईतले अवशेष रक्तातल्या पेशींनी पाठीवर वाहून गुडघ्यापर्यंत आणले होते, असेच म्हणावे लागते. माधवनिदानातल्या 'आमा'चे वर्णन वाचताना मला हा प्रयोग आठवतो. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे स्वतःला बजावूनही तो आठवतो.

आणखी एक प्रयोग मी सविस्तर सांगते, कारण या साऱ्या विषयाचा कणा मला त्यात दिसतो. अमेरिकेत डॅलस येथे उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे आपण ज्यांना घुशीच्या खालोखाल मोठे म्हणू अशा प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत, माणसाचे एचएलए बी-२७ हे जनुक घातले गेले, आणि त्या उंदरांना आपोआप आतड्याचा आणि सांध्यांचा दाह होऊ लागला. मग त्याच जनुकाचे उंदीर संपूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवण्यात आले. त्यांच्या पोटात एकही जिवाणू नव्हता. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले ते असे की त्या उंदरांना ना आतड्याचा दाह झाला, ना सांध्यांचा. त्यांच्या त्वचेवरचे विकार तेवढे राहिले. रोगाचे बीज अंगात असूनही पोट रिकामे असल्यामुळे सांधे निरोगी राहिले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसून राहिले होते.

त्याच्या आधीच, १९८०च्या दशकात, बेल्जियममधील गेंट येथे हर्मन मिलंट्स आणि एरिक वेस या डॉक्टरांनी मणक्याचा आणि मोठ्या सांध्यांचा दाह असलेल्या रुग्णांच्या आतड्यात दुर्बिणीने पाहायला सुरुवात केली होती. ज्यांना पोटाची काहीही तक्रार नव्हती, अशाही कित्येक रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराला सूक्ष्म सूज होती. रुग्ण सांध्यासाठी आला होता आणि पोट मुकाट्याने आजारी होते. आजीच्या बाबतीत असेच होते का, हे आता कधीच कळणार नाही, कारण तिचा रोग कदाचित माझ्यासारखा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड होता आणि गेंटचे रुग्ण त्याहून वेगळ्या गटातले होते. हा फरक महत्त्वाचा आहे. संधिवात हा शब्द आपण अनेक रोगांसाठी वापरतो आणि एका रोगातले सत्य दुसऱ्याला लावून मोकळे होतो.

माझ्या रोगाची वाट अधिक अंधारी होती, आणि त्या अंधारात पूर्वी मोठे अनर्थ झाले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत असा समज बळावला की शरीरात कुठेतरी दडून बसलेला संसर्ग हेच संधिवाताचे मूळ आहे. मग दात काढले गेले, टॉन्सिल काढले गेले; असंख्य माणसे बोळक्या तोंडाने आणि तशाच सुजलेल्या हातांनी घरी परतली. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले नामवंत शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन हे तर मोठे आतडेच विषाचे कोठार आहे असे मानून ते कापून काढत असत. कल्पनेत सत्याचा अंश होता, म्हणूनच ती इतकी पसरली. अंशावरून संपूर्ण सत्य हाती आल्याच्या खात्रीने माणसांची शरीरे कापली गेली, याचे मला आजही दुःख होते, आणि आज कुणी 'आतडे स्वच्छ करण्याची' पुडी विकायला येतो तेव्हा त्या बोळक्या तोंडांची आठवण होते.

जुळ्यांच्या अभ्यासातून एक गोष्ट मात्र पक्की झाली होती. ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत एकाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असला तर हुबेहूब जनुके असलेल्या त्याच्या जुळ्या भावंडालाही तो असल्याचे सुमारे १५ टक्के जोड्यांतच आढळले. रक्त तेच असूनही शंभरातल्या पंच्याऐंशी जोड्यांत दुसरे भावंड सुटले. मग बाहेरून काय येते? धूम्रपान हे एक उत्तर आहे, हिरड्यांचा रोग हे दुसरे असू शकते, आणि तिसरे म्हणजे आतड्यातली वस्ती. आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने, आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. त्या साऱ्यांचे वजन मात्र पावशेरही भरत नाही. त्यांच्या आणि आपल्या रक्ताच्या मध्ये पेशींचा एकच थर आणि त्यावरचा चिकट पडदा एवढीच भिंत असते. त्या भिंतीच्या अलीकडे शरीराच्या प्रतिकार पेशींचा फार मोठा तळ पडलेला असतो, आणि पलीकडच्या कोट्यवधी पाहुण्यांशी कसे वागायचे हे त्या पेशी रोज शिकत असतात.

शिकवणी बिघडली तर काय होते, हे २०१०मध्ये उंदरांवर दिसून आले. सांधेदाहाची प्रवृत्ती असलेले उंदीर जंतुविरहित ठेवले तर त्यांचा रोग फार सौम्य राहिला. त्यांच्या पोटात एकाच जातीचे, धाग्यासारखे दिसणारे आणि लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून राहणारे जिवाणू सोडले, तर रोग पुन्हा जोमाने उसळला. हे जिवाणू आतड्यात टीएच-१७ नावाच्या प्रतिकार पेशींची संख्या वाढवतात, आणि त्या पेशींचा दाहकारक स्राव आतड्यापुरता मर्यादित राहत नाही. पुढे तर उंदराच्या आतड्यातल्या पेशींवर प्रकाशाने खूण करून त्या कुठे जातात हे पाहण्यात आले, आणि खूण केलेल्या काही पेशी खरोखरच सांध्यांत पोहोचलेल्या आढळल्या. जर्मनीतल्या एर्लांगेन येथील संशोधकांनी २०२०मध्ये दाखवले की उंदरांमध्ये सांधे सुजण्याच्या आधीच आतड्याची भिंत झिरपू लागते, आणि ती झिरप औषधाने रोखली तर सांध्यांचा दाह कमी होतो. माझ्यासारख्या रुग्णांच्या रक्तात ती प्रतिपिंडे पहिले बोट सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकतात, हे आता रक्तपेढ्यांतल्या जुन्या नमुन्यांवरून सिद्ध झाले आहे. माझ्या हातून कुकरचे झाकण फिरले नाही ती सकाळ म्हणजे रोगाचा आरंभ नव्हता. तो कदाचित मी मुलीच्या दहावीच्या अभ्यासामागे धावत होते त्या वर्षी झाला असेल, आणि सांध्यात नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी अस्तरात झाला असेल.

माणसांमध्ये शोध घेणे उंदरांपेक्षा पुष्कळ कठीण आहे, आणि इथे गोष्ट आपल्या ताटापर्यंत येते. २०१३मध्ये न्यूयॉर्क येथील होजे शेर, डॅन लिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११४ जणांच्या शौचाचे नमुने तपासले. नुकताच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या आणि अद्याप औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्क्यांच्या पोटात प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू होता. निरोगी माणसांत तो सुमारे २१ टक्क्यांमध्येच होता. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, सापडला चोर. पुढे भारतातले अभ्यास वाचले आणि तो निष्कर्ष सोडून द्यावा लागला.

कारण हा प्रिव्होटेला आपल्याकडे घरोघरी आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या १००४ लोकांच्या नमुन्यांवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला प्रामुख्याने असल्याचे दिसले. २०१९च्या एका अभ्यासात भोपाळच्या, बहुतांशी वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या लोकांमध्येही तेच चित्र दिसले. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या यांतल्या चोथ्यावर हा जिवाणू पोसला जातो. पाश्चात्त्य धाटणीचे खाणे खाणाऱ्या समाजांत तो कमी होत गेला आहे, आणि ज्याला आपण एक नाव देतो तो प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या शाखांचा गोतावळा आहे, हेही २०१९मध्येच जगभरच्या नमुन्यांवरून स्पष्ट झाले.

प्रिव्होटेला असणे हाच रोग असता तर भाकरी खाणाऱ्या माझ्या साऱ्या गावाची बोटे वाकडी व्हायला हवी होती. तशी ती झालेली नाहीत, आणि हे मी नुसत्या आठवणीवरून म्हणत नाही. १९९६मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसतर्फे, 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाखाली भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला आता पुण्या-मुंबईचे लोक जातात ते हेच भिगवण, आणि आजीचे गाव तिथून एसटीने फार लांब नाही. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारण्यात आले, तपासण्यात आले. अंग दुखणारे, गुडघे दुखणारे पुष्कळ निघाले, पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेले शंभरात अर्ध्याच्या आसपास, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. युरोप-अमेरिकेत आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा हा आकडा जास्त नाही. आजी या पाहणीच्या आधीच गेली. त्या पथकातल्या कुणी आमच्या ओसरीवर बसून तिचे हात आपल्या हातात घेतले असते, तर आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला काय खाल्ले हे न विचारता कुठे दुखते हे विचारले असते.

म्हणजे जिवाणूची जात पुरेशी नाही, त्याचे कूळही पाहावे लागते. जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या पोटातले प्रिव्होटेला वेगळे करून उंदरांना दिले, तेव्हा रुग्णांकडून आलेल्या काही कुळांनी सांधेदाह अधिक तीव्र केला. नाव तेच, स्वभाव वेगळा. शास्त्रज्ञांनी २०२२मध्ये तर या जिवाणूच्या प्रजातीचे नावच बदलून सेगाटेला केले. त्याच वर्षी अमेरिकेतील कोलोरॅडो येथून आणखी एका जिवाणूची बातमी आली. रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडे कोणत्या जिवाणूंना चिकटतात हे पाहत पाहत संशोधक एका अपरिचित जिवाणूपर्यंत पोहोचले, आणि तो उंदरांच्या पोटात सोडताच त्यांचे पंजे सुजले. तो थोड्याच माणसांमध्ये सापडतो, त्यामुळे सगळ्या रुग्णांचे उत्तर त्यात नाही. मात्र त्याच्या नावाने मला गलबलून आले. संशोधन करणारी तरुणी चेरोकी या मूळ अमेरिकी समाजातली होती, आणि तिने जिवाणूला दिलेले 'डिडोलेस्गी' हे नाव चेरोकी भाषेतल्या संधिवाताच्या शब्दावरून घेतलेले आहे. कुणाच्या तरी आजीच्या तोंडचा शब्द शास्त्राच्या नोंदवहीत गेला.

इतके कळल्यावर रुग्णाच्या मनात पुढचा प्रश्न येणारच, तसा माझ्याही आला. वस्ती बदलली तर रोग जाईल का? ऑस्लो येथे झालेल्या आणि १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५३ रुग्णांपैकी निम्म्यांना सात ते दहा दिवसांचे उपोषण आणि त्यानंतर वर्षभर शाकाहार दिला गेला, आणि त्यांची सूज व वेदना इतरांपेक्षा कमी झाली. ज्यांना शाकाहाराने अधिक बरे वाटले त्यांच्या आतड्यातले जिवाणूही बदलले, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. हे वाचून मी उत्साहाने दही, दूध, डाळी, वांगी, टोमॅटो, गहू असे एकेक करून सगळे सोडले. चार महिन्यांत माझे वजन आठ किलोंनी उतरले, हिमोग्लोबिन घसरले आणि सूज होती तिथेच राहिली. डॉक्टरबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की ज्या जिवाणूंची काळजी घ्यायची म्हणून हे चालले आहे, त्यांना खायला मी काय ठेवले आहे? मी जन्मभर शाकाहारीच होते. ऑस्लोच्या रुग्णांनी जो बदल केला तो माझ्या बाबतीत बदल नव्हताच, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या ताटावरच्या माणसांचे निष्कर्ष मी स्वतःला जसेच्या तसे लावले होते. ती चूक माझी होती, आणि दुखणाऱ्या माणसाकडून ती सहज होते.

डेन्मार्कमधील ओडेन्से येथील चाचणीचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण जाहिरातींत तो कधीच येत नाही. सोरायसिसबरोबर येणारा सांधेदाह असलेल्या ३१ रुग्णांपैकी काहींच्या आतड्यात निरोगी माणसांच्या शौचातले जिवाणू सोडले गेले आणि उरलेल्यांना नुसता तसा आभास निर्माण करणारा उपचार दिला गेला. २०२१मध्ये निष्कर्ष आले. जिवाणू मिळालेल्या १५ जणांपैकी नऊ जणांना उपचार वाढवावे लागले, तर आभासी उपचार मिळालेल्या १६ जणांपैकी केवळ तिघांना. निरोगी पोटाची वस्ती उसनी आणून बसवली तरी सांधे सुधारले नाहीत, उलट अपयश अधिक आले. संबंध खरा असणे आणि उपाय हाती असणे या दोन गोष्टींच्या मध्ये अजून पुष्कळ अंतर आहे, आणि त्या अंतरातच प्रोबायोटिकच्या, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या, महागड्या डब्या विकल्या जातात. हप्त्याने पैसे भरून त्या घेणाऱ्या बायका मला दवाखान्याच्या बाकावर भेटतात. मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या मुख्य औषधाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी भीतीने सोडलेली असते, आणि दोन वर्षांनी बोटांच्या सांध्यांची झीज क्ष-किरणांत दिसते. ती झीज भरून येत नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो, तो मी आवरत नाही.

ज्या गोष्टीने मला या सगळ्यात मनापासून समाधान दिले, ती माझ्या औषधांच्या डब्यातच होती. मेथोट्रेक्सेटच्या जोडीने मी सल्फासॅलझीन घेते. ही गोळी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील डॉक्टर नान्ना स्वार्ट्स यांच्या प्रयत्नांतून जन्माला आली. १९३७मध्ये त्या तिथे वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठीय व्यवस्थेत प्राध्यापकपद मिळवणारी ती पहिली स्त्री. संधिवात जिवाणूंमुळे होतो अशी त्यांची धारणा होती, म्हणून त्यांनी जिवाणूंना आवर घालणारे सल्फा औषध आणि दाह शमवणारे सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातले द्रव्य एकाच रेणूत जोडून घेतले, आणि १९४२मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. पुढे ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने ते संधिवातावर निरुपयोगी ठरवले, आणि आतड्याच्या दाहावरचे औषध म्हणूनच ते टिकून राहिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅममधल्या डॉक्टरांनी ते पुन्हा सांध्यांसाठी वापरून पाहिले आणि ते खरोखर उपयोगी पडते असे दिसले. स्वार्ट्स यांची मूळ धारणा जशीच्या तशी टिकली नाही. त्या ज्या जिवाणूच्या मागे होत्या, तो या रोगाचे कारण नव्हता. औषध मात्र टिकले.

त्या औषधाची गंमत त्यातल्या सांध्यात आहे, रेणूच्या सांध्यात. दोन द्रव्यांना जोडणारा तो बंध माणसाच्या पोटातला कोणताही पाचकरस तोडू शकत नाही. गोळीचा बराचसा भाग न बदलता लहान आतडे ओलांडून जातो, आणि मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणू आपल्या विकरांनी तो बंध तोडतात. जंतुविरहित उंदरांना हे औषध दिले तर ते तसेच्या तसे बाहेर पडते, हे १९७०च्या दशकातच पाहिले गेले आहे. सुटा झालेला सल्फाचा भाग रक्तात शिरतो, आणि ऱ्हुमॅटॉइडमध्ये बहुधा तोच कामी येतो. ज्यांच्यावर संशय घ्यायचा, त्या वस्तीच्याच हातून माझे औषध तयार होते. मेथोट्रेक्सेटचेही असेच काहीसे आहे. उपचारापूर्वी रुग्णाच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत यावरून ते त्याला लागू पडेल की नाही याचा काहीसा अंदाज बांधता येतो, असे २०२१च्या एका अभ्यासात दिसले आहे.

मी आता पुन्हा सगळे खाते. दही खाते, वांग्याचे भरीत खाते, आणि हिवाळ्यात बाजरीची भाकरी आवर्जून करते. पीठ मळणे जमते, थापणे मात्र सूनबाई करतात. न्याहारी झाली की साडेनऊच्या सुमाराला दोन पिवळट नारिंगी गोळ्या पाण्याबरोबर घेते. दर तीन महिन्यांनी यकृताची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करून घेते. लघवी नारिंगी होते, त्याची सवय झाली आहे. दुपारी जेवण आटोपून मी जरा आडवी होते आणि चारच्या चहाला उठते, तेव्हा सकाळच्या त्या गोळ्या साधारण मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोहोचलेल्या असतात, आणि आदल्या दिवशीच्या भाकरीच्या चोथ्यावर जगणारे कोट्यवधी जीव त्यांचा तो बंध तोडायला लागलेले असतात.